तापमान लिहिलंत, पण पावडर थंड कशी झाली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. सायट्रिक ॲसिड वापरून सोल-जेल ऑटो-कम्बशनने (धातूंच्या क्षारांचं जेल करून ते स्वतःच पेटू देण्याच्या पद्धतीने) तुम्ही कोबाल्ट फेराइटची (कोबाल्ट आणि लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडची) पावडर केलीत. तिचे चार भाग करून ५००, ७००, ९०० आणि ११०० अंश सेल्सिअसला चार-चार तास भाजलेत. व्हीएसएमवर (चुंबकन मोजायच्या यंत्रावर) संपृक्त चुंबकन, म्हणजे पदार्थ जास्तीत जास्त जेवढा चुंबकित होतो ते, तापमानाबरोबर वाढत गेलं. कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) मात्र ७०० पर्यंत वाढली आणि पुढे घसरली. ७०० च्या एक्सआरडीत (स्फटिकरचना दाखवणाऱ्या क्ष-किरणांच्या आलेखात) ३३ अंशांजवळ एक बारीक जादा शिखर दिसलं, ते ११०० ला गेलेलं होतं. शेवटचा आणि खरा त्रास म्हणजे ९०० चा नमुना दुसऱ्यांदा केलात तेव्हा चुंबकन पहिल्यापेक्षा ग्रॅममागे सुमारे सात एमूंनी (एमू हे चुंबकत्व मोजायचं एकक) जास्त आलं. मोजमाप चुकलं का, असं तुम्ही विचारलंय.

मला तसं वाटत नाही. मोजमाप तपासायला हवंच, ते कसं हे पुढे सांगते. पण तुमच्या पूर्ण मजकुरात तापमान चार वेळा आलंय, वेळ आलाय, पावडर थंड कशी झाली हे मात्र एकदाही आलेलं नाही. भट्टी बंद करून रात्रभर आतच ठेवली, की चिमट्याने मूस बाहेर काढून फरशीवर ठेवली? फेराइटमध्ये या दोन गोष्टींतून दोन वेगळे पदार्थ तयार होऊ शकतात, एक्सआरडीत दोन्ही सारखेच दिसले तरीही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बरीच वर्षं मी सॉफ्ट फेराइट (चुंबकत्व सहज घेणारे आणि सहज सोडणारे फेराइट) बनवणाऱ्या एका कारखान्यात भट्टी विभागात होते. मँगनीज-झिंक फेराइटचे कोअर (तारेच्या वेटोळ्यात बसणारे गाभे) आम्ही १३०० अंशांच्या वर भाजायचो. चांगला कोअर भट्टीतून काळसर राखाडी, एकसारख्या रंगाचा येतो. एका पहाटे ट्रे बाहेर आले ते विटकरी झाक घेऊन. काही कोअरच्या कडांना केसासारख्या चिरा होत्या आणि पर्मिएबिलिटी (कोअर चुंबकीय क्षेत्राला किती दाद देतो ते) अपेक्षेच्या जवळपासही नव्हती. तापमानाचा आलेख पाहिला तर तो अगदी हवा तसा. दुपारपर्यंत शोधल्यावर सापडलं की थंड होण्याच्या टप्प्यात जो नायट्रोजन सोडतात त्याची नळी एका जोडात गळत होती. माल उत्तम भाजला गेला होता आणि थंड होताना बिघडला होता. मँगनीज आणि लोहाचे द्विसंयुजी (दोन धनभारांचे) आयन उतरत्या तापमानात हवेतला ऑक्सिजन घेतात, पृष्ठभागावर हेमॅटाइट (लोहाचं लालसर ऑक्साइड) सुटं होतं, स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत ताण येतो आणि कोअर चिरतो. कोणत्या तापमानाला किती ऑक्सिजन चालेल याचं समीकरण ब्लँक यांनी १९६१ मध्ये दिलं. आजही त्या धर्तीवर भट्टीतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तापमानाबरोबर कमी करत नेतात. त्या दिवसापासून ‘किती अंशांना भाजलं?’ या प्रश्नासोबत ‘खाली कसं आणलं?’ हाही प्रश्न मी विचारते.

आता तुमच्या पावडरीकडे येऊ. भाजताना तिच्यात एकाच वेळी चार गोष्टी बदलतात: कण वाढतात, जादा प्रावस्था (वेगळ्या रचनेचे पदार्थ) येतात किंवा जातात, धातूंचे आयन जाळीतल्या जागा बदलतात आणि ऑक्सिजनचं प्रमाण हलतं. व्हीएसएम या चारही गोष्टींची बेरीज एका आकड्यात दाखवतं. प्रबंधांत बहुतेक वेळा सगळं श्रेय ‘स्फटिकता वाढली’ या एका वाक्याला दिलं जातं. ते वाक्य खोटं नाही, पण त्यातून तुमचे सात एमू समजत नाहीत.

कणांचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. जेल पेटून फुगलेली, झाडासारखी पसरलेली राख तुम्ही हातात घेतली असेल. फुंकर मारली तरी उडते. त्या राखेत कण काही नॅनोमीटरचे असतात, थोडा कार्बन उरलेला असतो आणि ओलावाही पटकन धरते. लहान कणाच्या पृष्ठभागावरच्या आयनांना शेजारी अपुरे असतात, म्हणून त्यांचे स्पिन (आयनांचे सूक्ष्म चुंबक) आतल्यांसारखे सरळ उभे न राहता तिरके राहतात. कोई यांनी १९७१ मध्ये मॅगहेमाइटच्या (लोहाच्या एका चुंबकीय ऑक्साइडच्या) बारीक कणांवर हे दाखवलं होतं. हिशेब घरीच करता येतो. बाहेरचा एक नॅनोमीटर थर निकामी धरला, तर २० नॅनोमीटर व्यासाच्या कणाचं सुमारे २७ टक्के आकारमान चुंबकनात धरता येत नाही. ६० नॅनोमीटरच्या कणाचं जेमतेम १० टक्के जातं. तुमचं चुंबकन ५०० पासून वर चढत गेलं, त्यातला मोठा वाटा इथला आहे. शिवाय आपण भागतो वजनाने. ५०० च्या नमुन्यात कार्बन आणि पाणी उरलं असेल तर तेही वजनात मोजलं जातं, चुंबकनात नाही. टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं याचं मोजमाप) केलं नसेल तर एकदा करून घ्या.

कोअर्सिव्हिटी वाढून मग घसरते हे कोबाल्ट फेराइटमध्ये अपेक्षितच आहे, त्याची काळजी करू नका. कण एकच डोमेन (एकाच दिशेने चुंबकित असलेला भाग) मावेल एवढा होईपर्यंत ती वाढते. त्यापुढे कणात डोमेनच्या भिंती तयार होतात, भिंत सरकवणं हे अख्खा कण उलटवण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून ती उतरते. कोबाल्ट फेराइटसाठी ही सीमा साधारण ४० ते ७० नॅनोमीटरच्या पट्ट्यात धरतात. भाजल्याने जाळीतला ताण सुटतो, त्यानेही थोडी उतरते. इथे एक विनंती आहे: ११०० च्या नमुन्याचा आकार शेररच्या सूत्राने (एक्सआरडीतल्या शिखराच्या रुंदीवरून) काढून प्रबंधात छापू नका. १०० नॅनोमीटरच्या पुढे शिखराची रुंदी ही मुख्यतः यंत्राचीच असते. तिथे एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) हवा. आणि भाजल्यानंतर पावडर खलात जोरात घोटली असेल तर त्या घोटण्याने ताण परत आत जातो. प्रत्येक नमुना सारखाच घोटला का, हे आठवून पाहा.

ते ३३ अंशांजवळचं शिखर हेमॅटाइटचं आहे. तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांवर त्याचं सर्वांत ठळक शिखर ३३.२ च्या आसपास येतं. ज्वलन सगळीकडे सारखं झालं नाही की कुठे लोह जास्त, कुठे कोबाल्ट जास्त राहतं. मधल्या तापमानाला ते जास्तीचं लोह हेमॅटाइट म्हणून सुटं होतं. ११०० ला विसरण (आयनांचं जाळीत पसरणं) पुरेसं वेगवान असतं, म्हणून ते पुन्हा स्पिनेलमध्ये (फेराइटच्या मूळ स्फटिकरचनेत) विरतं. हेमॅटाइट जवळजवळ अचुंबकीय आहे, ग्रॅममागे अर्ध्या एमूहूनही कमी. म्हणून नमुन्यात ते पाच टक्के असेल तर चुंबकनही साधारण तेवढंच कमी दिसणार. रिटवेल्ड (पूर्ण एक्सआरडी आलेख गणिताने जुळवण्याची रीत) करून त्याचं प्रमाण काढा आणि तेवढं वजा करून पुन्हा तुलना करा. दोन्ही बॅचमध्ये ते सारखंच असेल, तर सात एमूंचं कारण दुसरीकडे शोधायचं.

माझ्या मते ते आयनांच्या जागांत आहे. इथे थोडं थांबू.

स्पिनेलच्या जाळीत धातूंना दोन प्रकारच्या जागा असतात. भोवती चार ऑक्सिजन असलेली ती ए, सहा ऑक्सिजन असलेली ती बी. ए वरचे चुंबकीय क्षण (आयनांच्या चुंबकांचं बळ) एका दिशेला, बी वरचे विरुद्ध दिशेला, आणि आपण मोजतो ती दोघांची वजाबाकी. नेएल यांनी १९४८ मध्ये ही कल्पना मांडली, तिचं नाव फेरीचुंबकत्व. कोबाल्ट फेराइट बहुतांशी उलटा स्पिनेल आहे: कोबाल्ट जवळजवळ सगळा बी वर, लोह अर्धं ए वर आणि अर्धं बी वर. पण ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा. तापमान वाढलं की थोडे कोबाल्ट आयन ए वर जातात आणि तेवढंच लोह ए वरून बी वर येतं. लोहाचा क्षण पाच, कोबाल्टचा तीन बोहर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकीय क्षणाचं एकक) धरला, तर अदलाबदल शून्य असताना निव्वळ क्षण येतो तीन. शंभरातले दहा कोबाल्ट ए वर गेले तर तो येतो ३.४. ग्रॅमच्या हिशेबात तीन म्हणजे सुमारे ७१ एमू आणि ३.४ म्हणजे ८१. एवढ्याशा हालचालीत साडेनऊ एमूंचा फरक. या हिशेबाने तुमचे सात एमू म्हणजे शंभरातल्या सात-आठ कोबाल्ट आयनांनी बदललेली जागा, बस. (कोबाल्टच्या कक्षीय गतीचाही थोडा वाटा असतो आणि हे आकडे निरपेक्ष शून्याजवळचे आहेत, त्यामुळे खोलीच्या तापमानाच्या मापनाशी ते तंतोतंत जुळवू नका. फरकाची दिशा आणि साधारण आकार यासाठी वापरा.)

आता थंड करण्याचा संबंध लावा. आयनाला एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायला ऊर्जा लागते. ९०० अंशांना तो सहज उड्या मारतो. भट्टी बंद करून हळूहळू थंड केलंत तर उतरत्या प्रत्येक तापमानाला तो स्वतःची वाटणी नव्याने जुळवत येतो, आणि काही शे अंशांवर उड्या इतक्या मंदावतात की जी वाटणी असेल ती तिथे गोठते. म्हणजे भट्टीत थंड केलेल्या नमुन्यात ९०० ची नव्हे, त्या गोठण्याच्या तापमानाची वाटणी असते. तोच नमुना लाल तापलेला बाहेर काढून पाण्यात टाकलात तर वरच्या तापमानाची वाटणी पकडली जाते. मूस फरशीवर ठेवली तर मधलंच काहीतरी हाती लागतं, तेही मुशीत पावडर किती होती त्यावर. दोन ग्रॅम पटकन थंड होते, वीस ग्रॅमच्या मध्यभागी उष्णता बराच वेळ राहते.

हे सगळ्यात स्वच्छ पाहायचं असेल तर मॅग्नेशियम फेराइट घ्या. मॅग्नेशियमला स्वतःचा चुंबकीय क्षण नाही. सगळं मॅग्नेशियम बी वर असतं तर ए आणि बी वर लोह समसमान आलं असतं आणि निव्वळ चुंबकन शून्य झालं असतं. प्रत्यक्षात तो चुंबकाला चिकटतो, तो केवळ ए वर गेलेल्या थोड्या मॅग्नेशियममुळे. शंभरातले दहा गेले तर क्षण एक, चौदा गेले तर १.४. म्हणजे त्याचं सगळं चुंबकत्व आयनांच्या अदलाबदलीतून येतं, म्हणून भट्टीचा इतिहास त्यात सरळ वाचता येतो. मी नव्या विद्यार्थ्यांना पहिला प्रयोग हाच देते.

तांब्याच्या फेराइटमध्ये तर रचनाच बदलते. सावकाश थंड केला तर जाळी एका दिशेने सहा टक्क्यांच्या आसपास ताणलेली, चौकोनी प्रणालीची, आणि एक्सआरडीत शिखरं फुटलेली. उच्च तापमानावरून एकदम थंड केला तर घनाकृती, शिखरं एकेरी. चुंबकीय क्षण पहिल्यात सुमारे १.३, दुसऱ्यात २.३. त्याच मुशीतली पावडर, तेच तापमान, आणि चुंबकनात पावणेदोन पटीचा फरक.

‘जास्त भाजलं की चुंबकन वाढतं’ हा नियम समजू नका, हेही इथेच सांगते. झिंक फेराइट उलट वागतो. मोठ्या कणांत झिंक सगळं ए वर बसतं आणि खोलीच्या तापमानाला पदार्थ चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. नॅनो पावडरीत मात्र थोडं झिंक चुकून बी वर अडकलेलं असतं, म्हणून ती चांगलंच चुंबकन दाखवते. भाजत गेलात की आयन आपापल्या जागी परततात आणि चुंबकन उतरत जातं. एका विद्यार्थिनीचा असा उतरता आलेख ‘प्रयोग फसला’ म्हणून बाजूला पडला होता. तो तिच्या प्रबंधातला सर्वांत चांगला आलेख होता.

चौथी गोष्ट ऑक्सिजनची. ९०० ला हवेत भाजलेल्या, प्रमाण अचूक असलेल्या कोबाल्ट फेराइटमध्ये ती फार मोठी नसावी. १२०० च्या वर मात्र लोहाचा काही भाग द्विसंयुजी होतो, आणि झटकन थंड केलं तर तसाच राहतो. विद्युतरोध एकदम घसरतो, कारण दोन संयुजांच्या लोहांमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारू लागतो. तुमच्या ११०० च्या गोळीचा रोध मोजून ठेवा. आणि पुढे कधी झिंक मिसळणार असाल तर उच्च तापमानाला ते उडून जातं हे लक्षात ठेवा. गोळी त्याच मिश्रणाच्या पावडरीत पुरून, झाकण लावून भाजावी.

मग करायचं काय? तुमच्या हातात जे आहे त्यात माझा सर्वांत भरवशाचा प्रयोग असा. ९०० ला भाजलेली एकच बॅच घ्या, तिच्या सारख्या वजनाच्या लहान गोळ्या करा. सगळ्या एकत्र पुन्हा ९०० ला न्या आणि तासभर ठेवा. एक गोळी भट्टीतच राहू द्या, मिनिटाला एक-दोन अंशांनी उतरवा. दुसरी बाहेर काढून जाड पोलादी पट्टीवर ठेवा. तिसरी थेट बर्फाच्या पाण्यात. (द्रव नायट्रोजन वापरण्याचा मोह होतो, पण गोळीभोवती वायूचा पडदा तयार होतो आणि ती पाण्यापेक्षा सावकाश थंड होते.) चेहऱ्यावर शील्ड, हातात लांब चिमटा आणि सोबत कोणीतरी असल्याशिवाय हे करू नका. तडतडून गोळीचे तुकडे उडतात. तिघींचं चुंबकन मोजा.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण करत नाहीत, आणि निकाल तीच देते. पाण्यात टाकलेली गोळी नीट वाळवून पुन्हा ९०० ला न्या आणि या वेळी सावकाश थंड करा. चुंबकन पहिल्या गोळीच्या आकड्याजवळ परत आलं, तर फरक आयनांच्या वाटणीचा होता, कारण ती वाटणी उलट फिरवता येते. कणांची वाढ उलट फिरत नाही. एकदा मोठा झालेला कण पुन्हा भाजून लहान होत नाही. परत न आलेला भाग कणांचा, चिरांचा किंवा हेमॅटाइटचा. द्विसंयुजी लोहही परत फिरतं, म्हणून रोधाचं मोजमाप सोबत हवं. मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोहाच्या जागा ओळखायचं मोजमाप) मिळालं तर उत्तम, चुंबकीय क्षेत्र लावून कमी तापमानाला घेतलं तर ए आणि बी वरचं लोह वेगळं मोजता येतं. आपल्याकडे कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी फेराइटवर पिढ्यान्‌पिढ्या काम झालंय. पण मॉसबाउअर सगळीकडे नसतं आणि नंबर लागायला वेळ जातो, तोवर हा गोळ्यांचा प्रयोग आठवड्यात होतो. नुसत्या एक्सआरडीवरून मात्र वाटणीचे आकडे सांगू नका. तांब्याच्या क्ष-किरणांना लोह आणि कोबाल्ट जवळजवळ सारखेच दिसतात.

मोजमाप तपासायचं म्हटलं होतं, तर दोन गोष्टी पाहा. एक, कोबाल्ट फेराइट चुंबकीयदृष्ट्या फार कडक आहे, त्याचं ॲनिसोट्रॉपी क्षेत्र (चुंबकन आवडत्या दिशेपासून पूर्ण वळवायला लागणारं क्षेत्र) १५ किलोओरस्टेडच्याही (ओरस्टेड हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) पुढे जाऊ शकतं. तुमचं व्हीएसएम १५ किलोओरस्टेडपर्यंतच जात असेल तर वक्र वरच्या टोकाला अजून चढतच असणार, आणि तुम्ही ‘संपृक्त’ म्हणून लिहिलेला आकडा खऱ्या संपृक्त चुंबकनाहून कमी आहे. दोन्ही बॅच एकाच कमाल क्षेत्रावर मोजल्यात का, आणि दोन्ही पावडरी कपात घट्ट दाबल्या होत्या का? सैल पावडरीतले कण क्षेत्रात फिरतात. दोन, भट्टीचा आकडा आणि मुशीतलं तापमान यांत बराच फरक असू शकतो. एक सुटं थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) मुशीच्या शेजारी ठेवून एकदा पाहाच.

कोबाल्टबद्दल अजून एक, कारण इतिहासात ते फार सुंदर आहे. काटो आणि ताकेई यांनी १९३० मध्ये तोक्योत फेराइटवर जे काम केलं त्यात कोबाल्ट फेराइट चुंबकीय क्षेत्रात थंड केल्यावर चांगला स्थायी चुंबक होतो हे सापडलं. त्याचं क्युरी तापमान (ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसं होतं) सुमारे ५२० अंश. त्याच्या खाली, ३०० ते ४०० च्या पट्ट्यात, कोबाल्ट आयन अजून थोडे हलू शकतात आणि क्षेत्राच्या दिशेला जुळवून घेतात. बाहेरून क्षेत्र नसलं तरी प्रत्येक डोमेनचं स्वतःचं क्षेत्र असतंच. म्हणून तुमची भट्टी या पट्ट्यातून किती सावकाश उतरली यावर कोअर्सिव्हिटी आणि वक्राचा आकारही हलू शकतो. दोन्ही बॅचचे वक्र एकावर एक ठेवून शून्याजवळचा भाग निरखून पाहा, एखाद्याची कंबर बारीक दिसते का.

तुमच्या मार्गदर्शकांशी वाद घालायची गरज नाही. त्यांना तीन गोळ्यांचे आकडे दाखवा. आणि मला दुसऱ्या बॅचच्या त्या दिवसाचं एवढंच सांगा: भट्टी कोणी आणि किती वाजता उघडली, मुशीत किती ग्रॅम होतं, आणि मध्ये वीज गेली होती का. चुंबकन जास्त आलं ते दुसऱ्या बॅचचं, त्यामुळे माझा अंदाज आहे की ती तुम्ही गरम असतानाच बाहेर काढली होती.